पाठीवरच्या पाण्याचा हिशेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत माउंटन बाइकिंगच्या तयारीवर आलेला लेख वाचला. सायकलची उंची, ब्रेक, टायरमधली हवा, हेल्मेट यांबद्दल त्यात जे लिहिलंय ते बहुतेक पटलं. पण पाठीवर घेऊन नळीने प्यायच्या पाण्याच्या बॅगेवर एक छोटा परिच्छेद आहे आणि त्यातल्या दोन वाक्यांसाठी हे पत्र लिहिते आहे. पहिलं वाक्य, ‘बॅग घ्यायचीच तर सर्वांत मोठी, तीन लिटरची घ्या.’ दुसरं, ‘तहान लागायची वाट बघू नका, सतत पीत राहा.’ मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि सुट्टीच्या दिवशी ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर, सायकल चालवते. नवीन मुलामुलींचा गट असला की सर्वांच्या मागे मी असते, म्हणजे कोण दमलं, कोण धडपडलं, कोणाचं पाणी संपलं हे आधी मला कळतं. ही दोन वाक्यं वाचून कुणी बॅग विकत घेतली आणि तशी वापरली, तर त्याचा त्रास होईल, आणि दुसऱ्या वाक्याने तर जिवावर बेतू शकतं.

या बॅगेचं आणि माझ्या कामाचं नातं जुनं आहे. १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत मायकल आयडसन नावाचा सायकलस्वार टेक्सासमधल्या ‘हॉटर एन हेल हंड्रेड’ या शंभर मैलांच्या, भर उन्हातल्या राइडमध्ये उतरला. तो पेशाने आपत्कालीन वैद्यकीय सेवेतला कर्मचारी होता. त्याने सलाइनची पिशवी पाण्याने भरली, लांब मोज्यात घातली, मोजा जर्सीच्या पाठीवर टाचला, नळी खांद्यावरून पुढे घेतली आणि कपड्यांच्या चिमट्याने बंद केली. पुढे १९८९मध्ये त्यातूनच ‘कॅमलबॅक’ ही कंपनी उभी राहिली. आज आपण जिला हायड्रेशन पॅक म्हणतो ती मुळात एक सलाइनची पिशवी आणि नळी आहे. सलाइन लावताना आम्ही तीन गोष्टी आधी बघतो : या रुग्णाला किती द्यायचं, आत काय आहे, आणि नळी स्वच्छ आहे का. पिशवी केवढी, हा प्रश्न त्यानंतरचा. सायकलवरही हाच क्रम ठेवावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

तर आधी किती, ते बघू. व्यायामात माणसाला तासाला साधारण अर्धा ते दोन लिटर घाम येतो. एवढी मोठी तफावत असताना सर्वांना एकच आकडा कसा सांगणार? वजन, वेग, ऊन, दमटपणा, चढ, अंगातले कपडे, उन्हाची सवय, सगळ्यांनी तो बदलतो. पण स्वतःचा आकडा काढायला घरातला वजनकाटा पुरतो. निघण्यापूर्वी लघवीला जाऊन यायचं आणि कमीत कमी कपड्यांत वजन करायचं. परत आल्यावर घाम पुसून पुन्हा तसंच. वजनातला एक किलोचा फरक म्हणजे सुमारे एक लिटर पाणी. वाटेत प्यालेलं पाणी त्यात मिळवायचं, वाटेत लघवी झाली असेल तर ती अंदाजाने वजा करायची. उदाहरण घ्या. निघताना ६२ किलो, दोन तासांनी आल्यावर ६१.२ किलो, वाटेत एक लिटर पाणी पोटात गेलं. म्हणजे घाम गेला १.८ लिटर, तासाला ९०० मिलिलिटर. हे एकदा थंड हवेत करावं आणि एकदा कडक उन्हात, कारण दोन्ही आकड्यांत मोठा फरक पडतो.

आता यातलं सगळं पाणी वाटेतच भरून काढायला हवं का? नाही. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंतची घट धडधाकट माणसाला सहसा चालते, त्यापुढे दमछाक लवकर होते, विशेषतः उन्हात. क्रीडावैद्यकातली सर्वसाधारण शिफारसही हीच आहे की घट दोन टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नये. ६२ किलोच्या माणसाचे दोन टक्के म्हणजे जवळपास सव्वा किलो. याच माणसाला तीन तास चालवायचं असेल तर घाम जाईल २.७ लिटर. त्यातला सव्वा लिटर शरीर सोसेल. राहिला दीड लिटर. थोडं पाणी हाताशी शिल्लक हवं म्हणून दोन लिटर धरा. वाटेत पाणी मिळण्याची खात्री नसेल, मुक्काम दूर असेल, ऊन चढणार असेल तर अडीच-तीन लिटर न्या, त्याला माझी हरकत नाही. पण दीड तासाच्या राइडला तीन लिटर पाणी म्हणजे पाठीवर तीन किलो, त्यात बॅग आणि हत्यारांचं वजन वेगळं. ते प्रत्येक चढावर ढकलायचं आणि प्रत्येक वळणावर सांभाळायचं. तीस किलोच्या मुलाच्या पाठीवर तीन किलो म्हणजे त्याच्या वजनाचा दहावा भाग. आईवडील हौसेने मुलांना मोठ्यांची बॅग घेऊन देतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण ते मूल उतारावर घाबरतं आणि सगळ्यांना वाटतं की त्याला सायकलच जमत नाही.

‘मोठीच घ्या, हवी तर अर्धी भरा’ असंही कुणी म्हणेल. अर्धी भरलेली मोठी ब्लॅडर, म्हणजे बॅगेतली पाण्याची पिशवी, पाठीवर डुचमळते. तिला आवळून धरणारे बाजूचे पट्टे बॅगेला असले तर प्रश्न सुटतो, पण ते असतातच असं नाही. भरल्यावर आतली हवा काढून टाकणं हा मात्र सर्वांनाच लागू पडणारा उपाय आहे : तोंड घट्ट बंद करायचं, ब्लॅडर उलटी धरायची म्हणजे हवेचा बुडबुडा नळीच्या टोकाशी येतो, आणि मग नळीतून ती हवा ओढून घ्यायची. डुचमळण्याचा आवाजही थांबतो आणि पाणी इकडून तिकडे धावायचंही थांबतं.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येते.

सतत पीत राहण्याचा सल्ला एके काळी सर्रास दिला जायचा, खेळाडूंनाही. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये संशोधकांनी शर्यत पूर्ण केलेल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं. २००५मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १३ टक्के धावपटूंच्या रक्तातलं सोडियम कमी झालेलं होतं आणि तिघांचं तर धोकादायक पातळीपर्यंत उतरलेलं होतं. सर्वांत ठळक संबंध दिसला तो धावताना वजन वाढण्याशी, म्हणजे घामाने गेलं त्यापेक्षा जास्त पिण्याशी. आणि ज्यांना शर्यत पूर्ण करायला चार तासांहून जास्त लागले होते त्यांच्यात हा धोका जास्त होता. हे नीट वाचा. धोका पुढे पळणाऱ्यांना कमी आणि मागे राहणाऱ्यांना जास्त. त्यांना घाम तुलनेने कमी येतो, प्यायला वेळ भरपूर मिळतो. ट्रेलवरही नेमकी हीच माणसं सावकाश चालवतात, दर वळणावर थांबतात, आणि थांबलं की नळी तोंडात जाते. बाटली हातात घेऊन झाकण उघडावं लागतं, बाटली रिकामी होताना दिसते. नळीच्या बाबतीत असा कुठलाच अडसर नाही. किती प्यालो हे पिणाऱ्यालाही कळत नाही, कारण पाणी पाठीमागे आहे.

सोडियम उतरलं की डोकं दुखतं, मळमळतं, उलटी होते, माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, पुढे आकडी येऊ शकते. आता हीच लक्षणं बरीचशी उष्माघाताची आणि निर्जलीकरणाचीही वाटतात. म्हणून शेजारचा माणूस काय करतो? आणखी पाणी पाजतो. मी अशा रुग्णांच्या पलंगाशी उभी राहिलेली आहे, त्यामुळे हे एका ओळीत सांगून पुढे जाता येत नाही. फरक ओळखायच्या काही खुणा आहेत. बोटांतली अंगठी, घड्याळाचा पट्टा, हातमोजे घट्ट होऊ लागले, पोट पाण्याने टम्म झालंय, भरपूर पाणी पिऊनही डोकं दुखतंय, तर पाणी थांबवा आणि मदत मागवा. माणूस गोंधळलेला असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर जिथे रक्त तपासून उपचार होतील अशा ठिकाणी त्याला पोचवायला हवं. रुग्णालयात आम्ही याला सोडियम जास्त असलेलं, तीन टक्क्यांचं सलाइन देतो, साधं पाणी नाही.

मग प्यायचं कसं? तहान लागली की प्या. निरोगी प्रौढ माणसाच्या तहानेवर भरवसा ठेवायला हरकत नाही. लहान मुलं मात्र खेळात तहान विसरतात आणि वय झालेल्यांना ती कमी जाणवते, त्यांना थांब्यावर आठवण करून द्यावी. दोन-तीन तासांपुढच्या, घामाच्या राइडला पाण्यात थोडं सोडियमही हवं. खेळाडूंच्या पेयात लिटरमागे साधारण ४६० ते ६९० मिलिग्रॅम सोडियम असावं असं सुचवलं जातं. जुलाबासाठी मिळणारं ओआरएस त्याहून बरंच खारट असतं, त्यात लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि शिवाय सायट्रेटचं सोडियम असतं, ते आजारातल्या झीजेसाठी बनवलेलं आहे. आणि खेळाच्या पेयातलं सोडियम अतिपाण्यापासून वाचवत नाही, कारण त्याचं प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी कमी असतं. प्रमाणात पिणं हाच उपाय.

मी स्वतः एक पद्धत पाळते आणि गटातल्या सर्वांना तीच सांगते. ब्लॅडरमध्ये फक्त साधं पाणी. मीठसाखरेचं पेय सायकलच्या फ्रेमवरच्या बाटलीत. यामुळे किती पेय गेलं ते दिसतं, पाठीवरचं वजन कमी होतं, आणि नळी चिकट होत नाही. फुल सस्पेन्शन, म्हणजे दोन्ही चाकांना धक्के शोषणारी सोय असलेल्या सायकलींत मागचा शॉक (धक्के शोषणारा भाग) मध्ये येतो, त्यामुळे बाटलीला जागा कमी असते. पण लहान बाटली बहुतेक वेळा बसते. तोंडावर झाकण असलेलीच बाटली घ्या. २००७मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एका माउंटन बाइक शर्यतीनंतर स्पर्धकांमध्ये कॅम्पायलोबॅक्टर या जिवाणूची मोठी साथ पसरली होती. पावसाने ट्रेलवर चिखल होता आणि आजाराचा संबंध तो उडालेला चिखल तोंडात जाण्याशी दिसून आला. जिथून गुरंढोरं, घोडे, रानातली जनावरं जातात तिथला चिखल पुढच्या चाकावरून थेट बाटलीच्या तोंडावर येतो. नळीच्या टोकाचा, दातांनी दाबून उघडायचा बाइट व्हॉल्व्ह खांद्याच्या पट्ट्यावर, उंच असल्याने थोडा वाचतो, पण बॅग जमिनीवर टेकवली की तो आधी मातीत लोळतो. म्हणून व्हॉल्व्हलाही टोपी हवी आणि नळी पट्ट्याला धरून ठेवणारा चिमटा किंवा चुंबक हवा. बॅग निवडताना माझ्या दृष्टीने ही गोष्ट खिशांच्या संख्येपेक्षा महत्त्वाची आहे.

आता पाठ. बॅग आरशासमोर ताठ उभं राहून, रिकामी घालून बघितली जाते आणि इथेच निवड चुकते. सायकलवर कुणी ताठ उभं नसतं. बॅगेत पाणी भरायला सांगा, किंवा तेवढ्याच वजनाचं काही घाला. मग उतारावर असतो तसे व्हा : गुडघे आणि कोपरं वाकलेली, कंबर मागे, छाती खाली, नजर वर आणि पुढे. डोक्यावर हेल्मेट असू द्या. या स्थितीत हेल्मेटची मागची कड बॅगेच्या वरच्या टोकाला टेकत असेल, तर ती बॅग तुमच्यासाठी नाही. तीव्र उतारावर मान वर करताच हेल्मेट पुढे ढकललं जाईल आणि डोळ्यांवर येईल, आणि नजर जाण्याची ती सर्वांत वाईट जागा आहे. गिर्यारोहणाच्या चांगल्यातल्या चांगल्या बॅगाही सायकलवर याच कारणाने त्रास देतात. त्या उंच असतात, वजन वर धरतात. सायकलची बॅग बुटकी आणि अंगालगत हवी.

पाठीची लांबी मोजणं सोपं आहे. मान पुढे वाकवली की मानेच्या तळाशी एक हाड ठळक लागतं, तो मानेचा सातवा मणका. दोन्ही हातांचे अंगठे मागे करून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांवर हात ठेवा, अंगठ्यांना जोडणारी रेघ साधारण कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. पाठीत इंजेक्शन देताना भूलतज्ज्ञही हीच रेघ शोधतात. या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमच्या पाठीची लांबी. माणसाच्या उंचीवरून ती कळत नाही. उंच माणसाची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात. बऱ्याच बॅगा दोन-तीन लांबींत येतात किंवा त्यांचे पट्टे वरखाली करता येतात, तेव्हा हे अंतर मोजून घेतलेलं बरं.

मग पट्टे. कमरेचा पट्टा पोटावर घेऊ नका, पुढे वाकलं की तो पोट दाबतो आणि चढावर श्वास अडतो. तो कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. छातीचा पट्टा असा आवळा की पूर्ण श्वास घेता येईल, आणि तो वरखाली सरकवता येतो का ते बघा. स्त्रियांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. सरळ, रुंद पट्टे छातीवर चढतात, बाजूला सरकतात, मग बाई सगळ्या राइडभर खांदे आक्रसून बसते. खांद्याचे पट्टे आतल्या बाजूला वळलेले असले, छातीचा पट्टा उंच बांधता आला, की हा त्रास जातो. सगळं बांधून झाल्यावर जागच्या जागी उडी मारा आणि कंबर डावीउजवीकडे झटका. बॅग तुमच्यामागून उशिरा येत असेल तर वळणावरही ती तशीच उशिरा येईल.

पाठीच्या बाजूच्या जाळीबद्दल थोडं. घाम वाळावा म्हणून ताणलेली जाळी लावून बॅग पाठीपासून दूर ठेवणारे प्रकार मिळतात. चालायला ते उत्तम. सायकलवर मात्र वजन जितकं पाठीपासून दूर तितकं ते जास्त झुलतं. मला अंगालगतची, खाचा पाडलेली पाठ जास्त आवडते, घामाने भिजायची तयारी ठेवून. ज्यांना पाठ ओली झालेली अजिबात सोसत नाही, त्यांनी दोन तासांपर्यंतच्या राइडसाठी हिप पॅकचा, म्हणजे कमरेला बांधायच्या छोट्या बॅगेचा, विचार करावा. त्यात बहुधा दीड लिटरपर्यंत पाणी मावतं, वजन खाली, कमरेवर राहतं, पाठ मोकळी. त्याहून जास्त भरलं की ते खाली घसरतं. छोट्या राइडला तर फ्रेमवरची एक बाटली आणि खिशात ट्यूब एवढंही पुष्कळ.

बॅगेत काय ठेवायचं हे प्रत्येक जण आपापल्या अनुभवाने ठरवतो. मी फक्त कुठे ठेवायचं ते सांगते. जड वस्तू खाली आणि पाठीजवळ. पंप, टायर लिव्हर, मल्टिटूल यांपैकी कुठलीही कडक वस्तू कण्याच्या रेषेत उभी ठेवू नका. पाठीवर पडलात तर तुमच्या आणि जमिनीच्या मध्ये ती असेल. काही बॅगांत पाठीचं संरक्षण करणारं पॅनल येतं. त्यासाठी ‘ईएन १६२१-२’ हे युरोपीय मानक बघा. त्यातल्या पहिल्या पातळीच्या पॅनलमधून चाचणीच्या आघातात सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत बल पलीकडे जाऊ शकतं, दुसऱ्या पातळीच्या पॅनलमधून ९ पर्यंत. म्हणजे दुसरी पातळी चांगली. पण हे पॅनल दगडाचा थेट मार झेलण्यासाठी आहे. डोक्यावर आपटून मान किंवा कणा दुमडला, पिळला, तर ते काही करू शकत नाही. आणि ज्या बॅगेत असं पॅनल नाही तिच्यातलं पाणी कणा वाचवेल या भरवशावर कुणी उडी मारू नये.

याच ओघात एक विनंती, वाचणाऱ्या प्रत्येकाला. कुणी जोरात पडलं आणि मान किंवा पाठ दुखते म्हणत असेल, हातापायांना मुंग्या आल्या असतील, किंवा नीट बोलत नसेल, तर मदत म्हणून त्याची बॅग ओढून काढू नका. बॅग काढताना हात मागे जातो, खांदा फिरतो, अंग वळतं. त्याला आहे तसं पडून राहू द्या, डोकं हलू देऊ नका, श्वासाला अडथळा होत असेल तर बकल उघडा किंवा पट्टा कापा, आणि मदत बोलवा. बऱ्याच बॅगांच्या छातीच्या बकलमध्येच शिट्टी असते. ती कशी वाजवायची हे फार कमी जणांना माहीत आहे. डोंगरातला संकटाचा आंतरराष्ट्रीय इशारा म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर येतं मिनिटात तीन शिट्ट्यांचं. बॅगेच्या वरच्या कप्प्यात रक्तगट, चालू औषधं, अ‍ॅलर्जी आणि घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद प्लास्टिकमध्ये ठेवा. फोन बंद पडतो, कुलूपबंद असतो. कागद कुणालाही वाचता येतो.

शेवटी नळी. लेखात हिच्याबद्दल एक शब्दही नाही, आणि मला सर्वांत जास्त वाईट याचंच वाटलं. ओलसर, अंधारी, तोंडातली लाळ लागलेली अरुंद नळी म्हणजे जिवाणू आणि बुरशीसाठी तयार घर. ते भिंतीला चिकटून स्वतःभोवती एक बुळबुळीत थर तयार करतात, त्याला आम्ही बायोफिल्म म्हणतो. हा थर एकदा बसला की नुसतं पाणी खळबळून जात नाही, आणि साधी औषधंही त्याच्या आत नीट पोचत नाहीत. रुग्णालयात शरीरात घातलेल्या नळ्यांबाबत आम्ही इतके काटेकोर असतो ते यासाठीच. पिण्याची नळी शिरेत जात नाही हे खरं, पोटात बरंच काही मारलं जातं हेही खरं, पण म्हणून काळे ठिपके पडलेल्या नळीतून मुलाला पाणी पाजावं का?

राइडवरून आलं की त्याच दिवशी ब्लॅडर आणि नळी दोन्ही रिकामी करा. व्हॉल्व्ह दाबून धरून नळी उंच करा म्हणजे तिच्यातलं पाणीही निघतं. सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. नळीसाठी लांब तारेचा बारीक ब्रश मिळतो, तो घ्याच. व्हॉल्व्ह सुटा करून आतून चोळा, घाण सर्वांत आधी तिथे साठते. उकळतं पाणी ओतू नका, बहुतेक ब्लॅडर टीपीयू नावाच्या मऊ प्लास्टिकच्या असतात आणि त्यांचे सांधे उष्णतेने सुटू शकतात. ज्यांना ब्लीच वापरायचं आहे त्यांनी उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच वापरावं, भरपूर पाण्याने धुवावं, आणि त्यात व्हिनेगर, लिंबू किंवा सायट्रिक आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुफ्फुसं जाळतो.

धुण्याइतकंच वाळवणं महत्त्वाचं. ब्लॅडरच्या दोन भिंती एकमेकींना चिकटल्या तर आत ओल आठवडाभर राहते. मोठ्या तोंडाची, आत हात जाईल अशी ब्लॅडर घ्या, वाळवताना आत काहीतरी अडकवून भिंती दूर ठेवा, आणि नळी दोन्ही टोकं उघडी ठेवून लटकवा. वाळवायला वेळच नसेल तर रिकामी ब्लॅडर आणि नळी स्वच्छ पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवतात, त्याने वाढ थांबते. जिवाणू मरतात असं नाही, म्हणून वापरण्यापूर्वी पुन्हा धुवायची. नळीत डाग पडला आणि ब्रशने गेला नाही, तर नळी बदला. ती सुटी मिळते.

पिऊन झाल्यावर नळीतलं पाणी फुंकून मागे ढकलायची सवय अनेकांना असते. उन्हात नळीतलं पाणी तापतं, कडक थंडीत गोठतं, म्हणून ते करतात. पण फुंकताना तोंडातलं सगळं ब्लॅडरमध्ये जातं. गोठणारी थंडी असेल तर दुसरा मार्ग नाही, तेव्हा फुंका आणि घरी आल्यावर लगेच धुवा. उन्हात मी पहिला गरम घोट टाकून देते. आणि एकाची नळी दुसऱ्याने तोंडात घेऊ नये. पाणी द्यायचंच असेल तर ब्लॅडर उघडून त्याच्या बाटलीत ओता. त्या निमित्ताने आपलं किती उरलंय तेही दिसतं. मी प्रत्येक मोठ्या थांब्यावर गटाला बॅगा उघडून पाणी बघायला लावते, अर्ध्या वाटेवर अर्ध्याहून कमी उरलं असेल तर तिथूनच मागे वळता येतं.

संपादक महाराज, बॅगेच्या आकाराबद्दल मतभेद असू शकतात, त्यावर लेखकाने आपलं म्हणणं पुन्हा मांडलं तर मला वाचायला आवडेल. सतत पीत राहण्याच्या वाक्याबाबत मात्र माझी आग्रहाची विनंती आहे की त्याच पुरवणीत, त्याच पानावर, ठळकपणे दुरुस्ती छापावी : तहान लागली की प्या, निघतानापेक्षा परतल्यावर वजन वाढलेलं नसावं, आणि भरपूर पाणी प्यालेला माणूस गोंधळल्यासारखा करू लागला तर त्याला आणखी पाणी न पाजता रुग्णालयात न्या. तो लेख नवशिक्यांसाठी होता. ट्रेलवर सर्वांत मागे तेच असतात.

आपली विश्वासू,
एक परिचारिका आणि सायकलस्वार